टिरेटा बाजारातील जुन्या चिनी खानावळीत जेवायला जाताना

कोलकात्यात लालबाजारच्या पोलीस मुख्यालयापासून थोड्याच अंतरावर, पोद्दार कोर्ट या कार्यालयांच्या इमारतीमागे जो जुना भाग शिल्लक आहे, त्याला कागदोपत्री टिरेटा बाजार म्हणतात आणि बंगाली माणूस टेरिटी बाजार म्हणतो. हे नाव अठराव्या शतकात येथे बाजार वसवणाऱ्या एडवर्ड टिरेटा या इटालियन गृहस्थावरून पडले. या गल्ल्यांमध्ये आणि येथून चालत जाता येईल अशा गणेशचंद्र ॲव्हेन्यूवर, कोलकात्याच्या जुन्या चिनी वस्तीतील काही खानावळी आजही चालतात. खानावळ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे, कारण यांतल्या बहुतेक ठिकाणी एकच कुटुंब रांधते, वाढते आणि गल्ल्यावरही बसते. बाहेरून पाहिले तर पाटीची अक्षरे पुसट झालेली असतात, भिंतींचे पोपडे निघालेले असतात, जिना अरुंद असतो आणि आत सनमायक्याची चार-सहा टेबले, दोन ट्यूबलाइट आणि चिनी अक्षरांचे एखादे कॅलेंडर याखेरीज फारसे काही दिसत नाही. महाराष्ट्रातून गेलेला माणूस अशा ठिकाणी बहुधा दोनपैकी एक चूक करतो: तो दारातूनच माघारी फिरतो, नाही तर आत बसून आपल्या गावच्या गाडीवर मिळते तेच मागतो.

मी दुसरी चूक केली होती. कामानिमित्त कोलकात्यात राहायला गेलो त्याच्या पहिल्याच महिन्यात एका दुपारी अशा एका खानावळीत शिरलो आणि मेनूकार्ड न उघडताच ट्रिपल शेजवान राइस आणि मंचुरियन मागितले. गल्ल्यावरच्या वृद्ध बाईंनी शेजवान होत नाही असे शांतपणे सांगितले, आणि मी मंचुरियनचा हट्ट धरला तेव्हा तेही करून आणून दिले. शेजारच्या टेबलावर एका बंगाली कुटुंबापुढे पांढऱ्या लांबट ताटात अख्खा वाफवलेला मासा आला होता. त्याच्यावर आल्याच्या केसासारख्या बारीक काड्या आणि पातीचा हिरवा कांदा पसरलेला होता, आणि वरून ओतलेले कडकडीत तेल अजून चुरचुरत होते. तो वास माझ्यापर्यंत आला आणि त्या घरातल्या माणसांना जे उत्तम येत होते ते सोडून आपण भलतेच मागून बसलो हे लख्ख कळले. पुढील काही वर्षांत मी त्या परिसरात पुष्कळ वेळा जेवलो. कोणी तिकडे जाणार असेल तर त्याला जे सांगतो, ते येथे क्रमाने लिहितो आहे.

जाण्यापूर्वी या वस्तीची थोडी माहिती असावी, कारण टेबलाशी कसे बोलावे आणि काय बोलू नये हे तिच्यावरच ठरते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंग आच्यू नावाचा चिनी व्यापारी बंगालमध्ये आला आणि वॉरन हेस्टिंग्ज यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर, बजबजजवळ, त्याने उसाची लागवड करून साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून ते गाव आजही अछीपूर म्हणून ओळखले जाते आणि चिनी नववर्षानंतर कोलकात्याची चिनी कुटुंबे तेथील देवळात दर्शनाला जातात. पुढे चीनच्या निरनिराळ्या प्रांतांतून लोक येत गेले. कँटनकडचे लोक सुतारकामात नावाजले, हूपेचे लोक दात बसवण्याच्या धंद्यात स्थिरावले, आणि हाक्का लोकांनी कातडे कमावण्याचा व जोडे बनवण्याचा धंदा धरला. आपल्याकडे ‘हाक्का नूडल्स’ हा शब्द लहान मुलांच्याही तोंडी असतो, पण हाक्का हे या लोकांचे नाव आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

१९६२ च्या युद्धाने या वस्तीची घडी विस्कटली. सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, ज्यांत येथेच जन्मलेले पुष्कळ होते, राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले आणि काहींना तेथे कित्येक वर्षे काढावी लागली. परत आलेल्यांपैकी अनेकांची घरे व दुकाने हातची गेली होती. त्यानंतरच्या दशकांत मोठ्या संख्येने कुटुंबे परदेशी गेली. टोरांटोत आज हाक्का उपाहारगृहे दिसतात ती यांतल्याच अनेकांनी काढलेली आहेत. कोलकात्यात उरलेल्या खानावळी मोजक्या आहेत. त्यांच्या भिंतींवर नवा रंग नसण्याची कारणे या इतिहासातही आहेत, त्यामुळे तेथील जुनाटपणाकडे निष्काळजीपणा म्हणून पाहू नये.

आता जायचे कसे ते पाहू. मुंबईहून गीतांजली किंवा पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसने हावड्याला उतरणाऱ्याला हुगळीच्या पात्राखालून जाणारी मेट्रो सोयीची पडते. ती मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. महाकरण स्थानकावर उतरून लालबाजारमार्गे पोद्दार कोर्टपर्यंत चालत जाता येते. गणेशचंद्र ॲव्हेन्यूसाठी चांदनी चौक हे स्थानक जवळचे आहे. टिरेटाच्या गल्ल्यांत टॅक्सी आत नेण्याचा आग्रह धरू नये, हातगाड्या आणि हमाल यांच्या गर्दीत ती अडकते. पोद्दार कोर्टपाशी उतरून कोणालाही विचारावे. या भागातील तुंग नाम ही छोटी खानावळ आणि गणेशचंद्र ॲव्हेन्यूवरील पेट्रोल पंपाच्या वरच्या मजल्यावरची ओ च्यू ही दोन नावे नवख्याने आरंभासाठी लक्षात ठेवावीत. टांग्रा हा शहराच्या पूर्वेचा चायना टाउनचा भाग वेगळा आहे. तेथे कातडे कमावण्याचे कारखाने होते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते हलवण्याचा आदेश दिल्यावर कारखाने बांतलाकडे गेले आणि तेथील उपाहारगृहांचे महत्त्व आणखी वाढले. टांग्राचे जेवण चमचमीत असते आणि मोठ्या मंडळींच्या मेजवानीला ते चांगले, परंतु मी येथे ज्या घरगुती जेवणाबद्दल लिहितो आहे त्यासाठी जुन्या शहरातच जावे.

निघण्यापूर्वी फोन करावा, ही सूचना किरकोळ वाटली तरी पाळावी. स्वयंपाक करणारी माणसे एक-दोनच असल्याने घरात लग्न असले, कोणी आजारी असले किंवा चिनी नववर्षाचे दिवस असले की खानावळ बंद राहते. दुपारच्या जेवणानंतर पुष्कळ ठिकाणी चूल विझते ती संध्याकाळीच पेटते, म्हणून दुपारी साडेबारा-एकपर्यंत पोहोचलेले बरे. उशिरा गेल्यास सकाळी आणलेला मासा आणि ताजी पालेभाजी संपलेली असते आणि मग मेनूकार्डावरचे जे कधीही करता येते तेच वाट्याला येते. एकट्याने जाऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. चौघे किंवा पाच जण ही योग्य संख्या होय. हे जेवण मध्ये ठेवून वाटून खाण्याचे आहे, आणि एकट्या माणसाला एक ताट नूडल्स संपवता संपवता बाकी सर्व पदार्थ पाहूनच परतावे लागते.

दारात पोहोचल्यावर मन कच्चे होण्याची वेळ येते, विशेषतः घरातली वडीलमंडळी सोबत असतील तर. तेव्हा जुने आणि घाणेरडे यांतला फरक डोळ्यांनी तपासून घ्यावा. उडालेला रंग, तडकलेली फरशी, धुराने काळवंडलेला पंखा, एकमेकांशी न जुळणाऱ्या खुर्च्या यांचा जेवणाशी काही संबंध नाही. जेवणाशी संबंध असलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. आत शिरताच तेलाचा वास घ्यावा. ताज्या तेलाचा आणि लसणाचा वास असेल तर बसावे, आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचा उग्र, घशाला लागणारा वास असेल तर कितीही प्रसिद्ध ठिकाण असले तरी नमस्कार करून बाहेर पडावे. टेबलावर हात फिरवून पाहावा, तो चिकटता कामा नये. चमचे आणि वाट्या कोरड्या असाव्यात. व्हिनेगरात बुडवलेल्या मिरच्यांची बाटली प्रत्येक टेबलावर असते. मिरच्यांचा हिरवा रंग व्हिनेगरने थोडा मावळतोच, पण व्हिनेगर स्वतः नितळ असले पाहिजे, ते गढूळ दिसले तर बाटली दिवसेंदिवस तशीच भरली जात आहे असे समजावे. शेवटी, कोण जेवते आहे ते पाहावे. एखादे चिनी आजोबा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत भात खात असतील किंवा आसपासच्या कचेऱ्यांतले लोक घाईघाईने जेवून जात असतील, तर तेथील रोजचा माल रोज संपतो हे निश्चित मानावे. स्वच्छतागृहाबाबत मात्र फार अपेक्षा ठेवू नये. सोबत वृद्ध व्यक्ती असल्यास ती सोय आधी पाहून घ्यावी.

बसल्यावर मेनूकार्ड हातात येईल. ते लांबलचक असते, आणि त्यातला मोठा भाग आपल्यासारख्या बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी असतो. चिली चिकन, गोल्डन फ्राइड प्रॉन, स्वीट अँड सोअर हे पदार्थ वाईट असतात असे मी मुळीच म्हणणार नाही. चिली चिकन हे तर कोलकात्याच्या चिनी स्वयंपाकाचे स्वतःचे अपत्य समजले जाते. मंचुरियनची हकीकत आणखी जवळची आहे. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये तो प्रथम केला असे सांगितले जाते. आपल्या फोडणीप्रमाणे आले, लसूण, हिरवी मिरची बारीक चिरून घ्यायची आणि पुढे गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालायचा, अशी ती कल्पना होती. म्हणजे मंचुरियन ही आपल्याच राज्याची वस्तू आहे. ती खाण्यासाठी दीड-दोन हजार किलोमीटर जाण्याचे कारण नाही. येथे येऊन जे मागावे ते निराळे, आणि ते कळण्याचा सोपा उपाय म्हणजे गल्ल्यावर बसलेल्या व्यक्तीला हिंदीत विचारणे: “आज घर में आप लोगों ने क्या बनाया है?” या एका प्रश्नाने अनेकदा कार्डावर नसलेला पदार्थ टेबलावर येतो.

चौघांसाठी मी साधारण असे मागवतो. आरंभी वाँटन सूप. येथील वाँटनचे आवरण इतके पातळ असते की आतले सारण गुलाबीसर दिसते, आणि सूपही कॉर्नफ्लोअरने घट्ट केलेले नसून हाडांच्या पातळ रशाचे असते. आपल्या मंचाव सुपाची सवय असलेल्याला पहिला घोट फिका वाटतो. तो फिका वाटला तरी लगेच सोया सॉस ओतू नये, तीन-चार घोट घ्यावेत, तोवर जीभ त्या चवीला सरावते. मग वाफवलेला भेटकी, मिळाल्यास अख्खा. भेटकी म्हणजे आपल्या रायगड-अलिबागकडचा जिताडाच, त्यामुळे कोकणातल्या माणसाला तो परका वाटण्याचे कारण नाही. फरक इतकाच की येथे हळद, तिखट, चिंच यांतले काहीही नसते आणि माशाला ताजेपणावाचून दुसरा आधार नसतो. म्हणूनच हा पदार्थ सांगण्यापूर्वी मासा आजचा आहे का हे विचारावे, आणि नाही म्हणाले तर आभार मानून दुसरे काही घ्यावे. असे स्पष्ट नाही म्हणणारी खानावळ पुन्हा जाण्याजोगी असते.

डुकराचे मांस खाणाऱ्यांनी हामचोई घातलेला पोर्क अवश्य मागवावा. हामचोई म्हणजे मोहरीवर्गातील पालेभाजी मिठात मुरवून केलेले खारवण. हाक्का स्वयंपाकात तिचे स्थान आपल्याकडच्या आमसुलासारखे आहे: थोडी घातली तरी सगळ्या पदार्थाची चव तीच ठरवते. चरबीयुक्त मांसाचे तुकडे आणि ही आंबट-खारट भाजी एकत्र शिजली की मांसाचा जडपणा कमी होतो. हा पदार्थ रंगाने मळकट तपकिरी असतो, छायाचित्रात तो अजिबात उठून दिसत नाही, आणि साध्या पांढऱ्या भाताबरोबर खाल्ला तरच त्याची गोडी कळते. त्यामुळे फ्राइड राइसऐवजी पांढरा भातच सांगावा, असा माझा आग्रह असतो. जोडीला लसणावर परतलेली एखादी हिरवी पालेभाजी आणि शेवटी एक ताट नूडल्स किंवा मेइफून. मेइफून म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया. आपल्या तांदळाच्या शेवयांहून त्या कोरड्या आणि चिवट असतात. कोलकात्यात नूडल्सना सरसकट ‘चाऊ’ म्हणतात, तेव्हा मिक्स्ड चाऊ किंवा पोर्क चाऊ असे म्हटले की पुरते.

नूडल्सची दोन ताटे हवी असतील तर ती एकामागून एक करून द्यावीत असे सांगावे. यामागचे कारण एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पाहिले की कळते. पातळ लोखंडाची, गोल बुडाची कढई गर्जणाऱ्या बर्नरवर इतकी तापवलेली असते की तेल घालताच त्यातून धूर निघतो. आचारी डाव्या हाताने कढई झोकत आणि उजव्या हातातील पळीने खालचे वर करत एकेक नूडल क्षणभरच त्या तापलेल्या लोखंडाला लागू देतो, आणि तेवढ्याने तिला भाजल्याचा जो वास येतो तोच या पदार्थाचा प्राण असतो. कढईत एकदम चार ताटांचा माल टाकला की लोखंड थंड पडते, भाजीला पाणी सुटते, आणि नूडल्स भाजल्या न जाता वाफेवर शिजून लगदा होतो. याच कारणाने सर्व पदार्थ एकदम आणा असेही म्हणू नये. जे जसे तयार होईल तसे टेबलावर येते, आणि आलेले गरम असतानाच सर्वांनी मिळून संपवायचे असते. आपल्या पंगतीत सर्व पाने वाढून होईपर्यंत थांबण्याची जी रीत आहे, ती येथे लागू करू नये. वाट पाहण्यात पदार्थाचे नुकसान होते.

ओ च्यूमध्ये जाणार असाल तर चिमणी सूपचा विचार करावा (चिमणी म्हणजे येथे धुराड्यासारखी नळी, पक्षी नव्हे). ते आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते आणि एक-दोन माणसांना ते जड जाते. धातूच्या भांड्याच्या मधोमध उभी नळी असते, तिच्यात पेटते कोळसे असतात, आणि सभोवतीच्या गोल खळग्यात रस्सा, मांसाचे व माशाचे तुकडे आणि भाज्या टेबलावरच खदखदत राहतात. भांड्यावर वाकू नये, मुलांना नळीपासून दूर बसवावे. आधी वरचे तुकडे खावेत आणि रस्सा शेवटासाठी राखून ठेवावा, कारण तो तासभर आटत गेल्याने अखेरच्या वाट्या सर्वांत चवदार असतात. त्याच घराच्या जोसेफिन नूडल्सही प्रसिद्ध आहेत, आणि रास्त प्रसिद्ध आहेत.

टेबलावर सोया सॉस, मिरचीचा सॉस आणि व्हिनेगरातल्या मिरच्या असतात. त्या असतात म्हणून वापरल्याच पाहिजेत असे नाही. चाखून मग घ्याव्यात. शेजवान चटणी मागू नये. अजिनोमोटो नको असेल तर सांगताना एकदाच, सौम्य शब्दांत सांगावे, बिनदिक्कत ऐकले जाते. मात्र आधीपासून बनवून ठेवलेल्या सॉसमध्ये काय आहे ते त्या वेळी बदलता येत नाही. काट्या-चमच्याने जेवण्यात कमीपणा नाही, बहुतेक लोक तसेच जेवतात. चॉपस्टिक घेतल्याच, तर त्या भातात उभ्या खोचून ठेवू नयेत. मृतांसाठी लावलेल्या उदबत्त्यांसारख्या त्या दिसतात आणि घरातल्या मोठ्या माणसांना ते अशुभ वाटते. आपल्याकडे जेवणाच्या पानाबाबत दक्षिणेकडे तोंड नको म्हणतात, तसेच हे समजावे.

शाकाहारी वाचकांना मी खरे तेच सांगितले पाहिजे. शुद्ध शाकाहारी, आणि विशेषतः कांदा-लसूण न खाणाऱ्या व्यक्तीने या खानावळींत जेवण्याचा बेत करू नये. भाज्यांचे पदार्थ मिळतात, पण कढई तीच असते, भाजी डुकराच्या चरबीवर किंवा रश्यावर परतलेली असू शकते आणि ऑयस्टर (कालव) या शिंपल्यांपासून केलेला सॉसही सहज पडतो. विचारल्यावर ते प्रामाणिकपणे सांगतात, तरीही एवढ्याशा स्वयंपाकघरात दोन वेगळी भांडी ठेवणे त्यांना शक्य नसते. जे केवळ मांस टाळतात आणि अंडे किंवा मासा खातात, त्यांची येथे उत्तम सोय होते.

या माणसांशी बोलताना थोडे भान ठेवावे, आणि मला या संपूर्ण लेखात सर्वांत जास्त हेच सांगायचे आहे. ही कुटुंबे तीन-तीन, चार-चार पिढ्या कोलकात्यात आहेत. ती अस्खलित बंगाली बोलतात, हिंदीही बोलतात. वयस्क बाईंना ‘आंटी’ आणि गृहस्थांना ‘अंकल’ म्हटले की पुरे, तेथे तीच रीत आहे. “तुम्ही चीनहून कधी आलात?” हा प्रश्न विचारू नये, विचारणाऱ्याला तो साधा वाटतो, पण ज्याचे आजोबा याच गल्लीत जन्मले त्याला तो प्रत्येक वेळी परका ठरवतो. सीमेवरचे राजकारण काढू नये. १९६२ चा विषय आपण होऊन तर काढूच नये. त्यांनी काढला तर मध्ये न बोलता ऐकावे. एका संध्याकाळी गिऱ्हाईक नसताना एका आजींनी, मी काहीही विचारले नसता, छावणीत आपल्या आईने डब्याच्या पत्र्यावर भाकरीसारखे काहीतरी भाजून मुलांना कसे खाऊ घातले ते मला सांगितले आणि सांगून झाल्यावर उठून चहा आणायला गेल्या. मी वही काढली असती तर त्या बोलल्या नसत्या. भिंतीवरचे पूर्वजांचे फोटो, देव्हारा आणि स्वयंपाकघर यांची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

बोलण्यासाठी विषय हवाच असेल तर मराठी माणसाजवळ एक चांगला विषय आहे. टिरेटा बाजारात १९०५ मध्ये बांधलेले सी इप नावाचे चिनी देऊळ आहे. कोलकात्यात चिनी देवळांना चर्च म्हणण्याची पद्धत असल्याने नकाशात ते सी इप चर्च म्हणून सापडेल. मुंबईत माझगावच्या नवाब टँक रोडवर १९१९ चे सी युप कून हे देऊळ आहे. सी इप आणि सी युप ही एकाच शब्दाची दोन रूपे असून क्वांगतुंग प्रांतातील चार तालुक्यांच्या मुलखाचे ते नाव आहे, आणि त्या मुलखातील माणसांनी दोन्ही शहरांत आपापल्या लोकांसाठी ही देवळे उभारली. माझगावच्या देवळाविषयी मी सांगू लागलो की टिरेटातल्या मंडळींचे चेहरे उजळतात. कोणाची तरी मावशी किंवा चुलता कधीकाळी मुंबईत दुकान करून होता असे निघते. जेवणानंतर हातात अर्धा तास असेल तर तुंग ऑन चर्चही पाहून यावे. लाल विटांची ही दुमजली वास्तू १९२४ ची असून तिच्या तळमजल्यावर पूर्वी नानकिंग नावाचे नामांकित चिनी उपाहारगृह होते.

ज्यांना पहाटे उठणे जमते त्यांनी रविवारी सकाळी टिरेटातल्याच सन यत-सेन स्ट्रीटवरचा न्याहारीचा बाजारही पाहावा. सहाच्या सुमारास जावे, आठनंतर फारसे उरत नाही. वाफाळते बाओ (सारण भरलेले वाफवलेले पाव), सुई माई (वर उघडे ठेवलेले वाफवलेले मोमो), माशाच्या गोळ्यांचे सूप हे रस्त्यावर उभ्यानेच खायचे असते. पूर्वीच्या मानाने चिनी विक्रेते कमी झाले आहेत आणि इतरांचे ठेले वाढले आहेत, तेव्हा घाई न करता एक फेरी मारावी आणि वयस्क चिनी माणसे ज्याच्यापुढे उभी आहेत त्या टोपलीपाशी थांबावे. सुट्टे पैसे जवळ असावेत.

खानावळीतही रोख रक्कम बाळगलेली बरी. बिल हाताने लिहिलेले असते, ते उभे राहून तपासत बसू नये. हिशेबात चूक आढळल्यास जाऊन हळू सांगावे. उरलेले अन्न बांधून मागण्यात संकोच करू नये, तेथे ताटात टाकलेले अन्न पाहून घरच्यांना वाईट वाटते. पदार्थ आवडला असेल तर तो कोणता ते नाव घेऊन सांगावे. “सगळे छान होते” या वाक्यापेक्षा “हामचोई फार चांगली मुरली होती” हे वाक्य स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते, आणि पुढच्या खेपेला आपल्याला ओळखले जाते.

परतताना जवळच पो चाँग ब्रदर्स या १९५८ पासूनच्या सॉस बनवणाऱ्यांचे दुकान आहे, तेथून हिरव्या मिरचीच्या सॉसची बाटली घ्यावी. तो बाजारातल्या इतर हिरव्या सॉसपेक्षा पातळ आणि कमी गोड असतो आणि घरच्या पोह्यांवरसुद्धा चांगला लागतो. बाटलीचे झाकण प्रवासात सैल होते, म्हणून तोंडाला प्लास्टिकची पिशवी लावून दोरा घट्ट बांधावा आणि बाटली कपड्यांत गुंडाळून बॅगेत उभी ठेवावी. विमानाने जाणाऱ्यांनी ती चेक-इनच्या सामानातच द्यावी.